राखीव दोन जीबी

लॅपटॉप घ्यायला आलेलं कुटुंब दुकानदाराला तीन प्रश्न हमखास विचारतं: रॅम किती जीबी, ग्राफिक्स किती जीबी, आणि बॅग वेगळी घ्यावी लागेल का. यांतल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं भरवशाचं असतं. पहिल्या दोन प्रश्नांना लॅमिंग्टन रोडपासून तपकीर गल्लीपर्यंत सगळीकडे चोख आकड्यांत उत्तर मिळतं, तो आकडा खोटाही नसतो, आणि तरी घरी आल्यावर मुलाचा गेम अडखळतो तो अडखळतोच. मग नात्यातला एखादा 'कम्प्युटरमधलं कळणारा' बोलावला जातो. तो मशीन चालू होताना डिलीटचं बटण पुन्हा पुन्हा बडवून बायोसमध्ये शिरतो, 'ग्राफिक्स मेमरी' ५१२ एमबीवरून २ जीबी करतो, एफ१० दाबून बाहेर येतो आणि चहा घेतो. गेम पूर्वीइतकाच अडखळत राहतो. फरक एवढाच, की आता तो दोन जीबीच्या इतमामाने अडखळतो. ज्या संगणकात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यात ग्राफिक्सच्या नावावर किती मेमरी लावली याला फारसं महत्त्व नाही, ती मेमरी त्याच्यापर्यंत सेकंदाला किती पोचते याला आहे, असं माझं म्हणणं आहे. पहिली गोष्ट बायोसमध्ये फुकट बदलता येते आणि दुसरीला पैसे पडतात. पहिलीची लोकप्रियता एवढ्यावरून समजून घ्यावी.

सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी म्हणजे रॅम, आणि तिच्यात मावतं किती ते जीबीत सांगतात. टाकीतून खाली येणारा पाइप किती जाड आहे ती बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती जीबी वाहून येतात तो हिशेब. नळ सोडल्यापासून पहिली धार पडेपर्यंत जो वेळ जातो ती लेटन्सी, आणि ती नॅनोसेकंदांत मोजतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड म्हणजे आवारात स्वतःची बोअर मारलेला बंगलेवाला. त्याचं पाणी त्याचं, पंपही त्याचा. प्रोसेसरच्या पोटातलं इंटिग्रेटेड ग्राफिक्स मात्र सोसायटीतलं बिऱ्हाड आहे. त्याला स्वतःची टाकी नाही. १९९९ साली इंटेलच्या ८१० चिपसेटमध्ये ते मदरबोर्डावर राहायला आलं तेव्हा नव्हती, २०११ साली सँडी ब्रिजमध्ये प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर बिऱ्हाड हललं तेव्हाही मिळाली नाही. आजही त्याला लागणारा प्रत्येक थेंब त्याच पाइपातून येतो ज्यातून प्रोसेसर, ब्राउझरचे चाळीस टॅब आणि पार्श्वभूमीवर निमूटपणे अपडेट होणारं विंडोज पाणी ओढत असतात.

आता बायोसमधली ती सुप्रसिद्ध ओळ. एएमडीच्या बोर्डांवर ती 'यूएमए फ्रेम बफर साइझ' या नावाने भेटते, इंटेलच्या बोर्डांवर 'डीव्हीएमटी प्री-अलोकेटेड' या नावाने, आणि दोन्ही नावं अशी आहेत की वाचणाऱ्याला आपण काहीतरी गंभीर करतो आहोत असं वाटावं. खाली ६४ एमबीपासून पुढे पर्याय असतात. यातला मोठा आकडा निवडला की टाकीत तेवढ्या जागेपुरती भिंत बांधली जाते आणि तिच्यावर ग्राफिक्सचं नाव रंगवलं जातं. पाइप होता तोच राहतो. नवं पाणीही येत नाही. उलट भिंतीपलीकडचं पाणी बाकीच्यांना वर्ज्य होतं. आठ जीबीच्या मशीनवर विंडोज तक्रारवजा सुरात सांगू लागतं, की बसवलेली मेमरी ८ जीबी, वापरण्याजोगी ६ जीबीच्या आत. ग्राफिक्सला दोन जीबी 'मिळाले' म्हणून आनंदलेल्या घरात दुसऱ्या दिवशी एक्सेल का रडतं आहे याचा शोध सुरू होतो, आणि संशय बहुधा व्हायरसवर जातो.

बरं, राखून ठेवलेल्या त्या जागेची गरज किती? नेहमीचा फुल एचडी पडदा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके. एका ठिपक्याच्या रंगाला ४ बाइट धरले तर पूर्ण पडद्याचं एक चित्र ८.३ एमबीत मावतं. ६४ एमबीच्या सर्वांत दरिद्री पर्यायातही असे सात पडदे बसून वर जागा उरते. गेमला याहून कितीतरी जास्त लागतं हे खरं, कारण त्यातल्या भिंतींचे, झाडांचे आणि शत्रूच्या मिशीचे पोत मेमरीत ठेवावे लागतात. पण ती जागा ग्राफिक्सचा ड्रायव्हर चालू कामात मागून घेतो आणि काम झालं की परत करतो. टास्क मॅनेजरमध्ये 'शेअर्ड जीपीयू मेमरी' म्हणून जो आकडा दिसतो, तो साधारण एकूण रॅमच्या निम्मा असतो, आणि ती फक्त मागण्याची कमाल मर्यादा आहे. पुष्कळांना तो आकडा म्हणजे ग्राफिक्सने गिळलेली रॅम वाटते आणि ती सोडवून कशी घ्यावी याची चर्चा घराघरांतून झडते. कोणी गिळलेलं नसतं. ज्या दिवशी ग्राफिक्सला गरज पडेल त्या दिवशी तेवढ्यापर्यंत हात पसरायची त्याला मुभा आहे, इतकंच. म्हणजे एका आकड्यात ग्राफिक्सला खरोखर जागा मिळते पण ती नको असते, आणि दुसऱ्यात काहीच घेतलेलं नसताना चोरीचा आळ येतो.

जीबीच्या आकड्याने एवढा घोळ घातल्यावर दुसरा आकडा मागे कसा राहील? रॅमच्या खोक्यावर '३२०० मेगाहर्ट्झ' असं ठसठशीत छापलेलं असतं. उत्साही गिऱ्हाईक घरी येऊन सीपीयू-झेड नावाचा प्रोग्रॅम चालवतो आणि त्यात १६०० च्या आसपास आकडा बघून दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. दुकानदार या एका बाबतीत तरी निर्दोष असतो. डीडीआर मेमरी घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याच्या चढत्या कडेला एकदा आणि उतरत्या कडेला एकदा माहिती पाठवते, त्यामुळे १६०० मेगाहर्ट्झच्या ठोक्यांत सेकंदाला ३२०० दशलक्ष खेपा होतात. खोक्यावरचा आकडा खेपांचा आहे, त्याच्यापुढे मेगाहर्ट्झ लिहिणं ही जाहिरातवाल्यांची हौस. गंमत अशी, की याहून खोलात गेलं तर गिऱ्हाइकाची अवस्था आणखी बिकट व्हावी. डीडीआर४ चिपच्या आत, जिथे बिट्स प्रत्यक्ष साठवलेले असतात, तिथला कारभार ४०० मेगाहर्ट्झवर चालतो. एका वेळी आठ-आठ बिट्स काढून दारात रचून ठेवायचे आणि बाहेर भराभर सोडायचे अशी तिथली पद्धत आहे. डीडीआर५-६४०० मध्ये सोळा-सोळा काढतात, आत पुन्हा ४०० च. पहिल्या पिढीच्या डीडीआर-४०० मध्ये दोन-दोन निघत आणि आत २०० मेगाहर्ट्झ होते. म्हणजे खोक्यावरचा आकडा ४०० वरून ६४०० झाला, सोळा पट, आणि आतला कामगार जेमतेम दुपटीने चपळ झाला. बाकी सगळी प्रगती दारातल्या रचनेची आहे.

लेटन्सीची कथा याहून सरस आहे. रॅमवर सीएल१६, सीएल३० असं काही लिहिलेलं असतं. मागणी केल्यापासून माहिती दारात येईपर्यंत किती ठोके जातात तो हा आकडा. डीडीआर-४०० चा चांगला नमुना सीएल२ चा असे: २०० मेगाहर्ट्झचे दोन ठोके, म्हणजे १० नॅनोसेकंद. डीडीआर४-३२०० सीएल१६: १६०० मेगाहर्ट्झचे सोळा ठोके, १० नॅनोसेकंद. डीडीआर५-६००० सीएल३०: ३००० मेगाहर्ट्झचे तीस ठोके, पुन्हा १० नॅनोसेकंद. वीस वर्षांत सरकारं बदलली, फोन बदलले, रॅमवर रंगीत दिवे आले, आणि नळ सोडल्यावर धार यायला लागणारा वेळ जागच्या जागी राहिला. (हा नुसता एक टप्पा आहे, प्रोसेसरपासून रॅमपर्यंतचा आणि परतीचा पूर्ण प्रवास याच्या कितीतरी पट होतो.) वुल्फ आणि मॅकी या दोन संशोधकांनी १९९५ सालीच 'मेमरी वॉल'चा इशारा देऊन ठेवला होता, की प्रोसेसर ज्या गतीने वेगवान होतो आहे त्या गतीने मेमरी होत नाही आणि एक दिवस प्रोसेसर नुसता वाट बघत बसेल. तो दिवस केव्हाच येऊन गेला. ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे चाळीस ठोके त्या दहा नॅनोसेकंदांत वाया जातात, म्हणून तर त्याच्याजवळ कॅश नावाची छोटी पिंपं भरून ठेवावी लागतात.

इथे ग्राफिक्सचा स्वभाव प्रोसेसरपेक्षा वेगळा पडतो, आणि माझ्या मुद्द्याचा गाभा तिथेच आहे. प्रोसेसर एका भांड्यासाठी नळाखाली ताटकळतो, त्याला उशीर सोसत नाही. ग्राफिक्स एकाच वेळी हजारो बादल्या लावून बसतं. एक भरेपर्यंत दुसऱ्या बादलीचं काम चालू. पहिली धार उशिरा आली तरी त्याची तक्रार नाही, पण आली की ती जाड हवी. ही जाडी मोजणं अगदी सोपं आहे. रॅमच्या एका चॅनलची रुंदी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट. ३२०० दशलक्ष खेपा गुणिले ८, सेकंदाला २५.६ जीबी. दोन स्लॉटांत दोन स्टिक योग्य जागी बसवल्या की दोन चॅनल चालू होतात आणि पाइप ५१.२ जीबीचा होतो. याउलट आरटीएक्स ३०६० सारखं मध्यम वर्गातलं कार्ड (१२ जीबीचं) स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला ३६० जीबी ओढतं. आपल्या बिऱ्हाडकरूने एका स्टिकवर, तेही प्रोसेसरशी वाटून घेऊन, २५.६ मध्ये संसार करायचा असतो. त्याच्या नावावर टाकीचे दोन जीबी लावले काय किंवा चार, पंचवीस म्हणजे पंचवीसच.

हे नुसतं कागदावरचं गणित आहे असं कोणी म्हणेल, तर बाजाराने त्याचा प्रयोग आपल्या खर्चाने, म्हणजे गिऱ्हाइकांच्या खर्चाने, करून दाखवला आहे. एनव्हिडियाचं जीटी १०३० हे छोटं कार्ड २०१७ साली २ जीबी जीडीडीआर५ मेमरी घेऊन आलं. पाइप सेकंदाला ४८ जीबीचा. पुढच्या वर्षी त्याच नावाने, तेवढेच २ जीबी घेऊन, पण साध्या डीडीआर४ मेमरीचं कार्ड निघालं आणि पाइप १६.८ जीबीवर आला. 'किती जीबीचं?' या आपल्या लाडक्या प्रश्नाला दोन्ही कार्डं हसतमुखाने एकच उत्तर देत होती. बऱ्याच गेममध्ये दुसऱ्याचा वेग पहिल्याच्या निम्म्याच्या आसपास घसरला. इंटेलने तर या सत्याची दखल बारशातच घेऊन ठेवली आहे. आयरिस एक्सई हे ग्राफिक्स २०२० साली आलं, तेव्हा अट अशी होती की मेमरी दोन चॅनलांची, १२८ बिटांची असेल तरच त्याने ते नाव लावायचं. एकच स्टिक असलेल्या मशीनवर तेच सिलिकॉन 'यूएचडी ग्राफिक्स' या मध्यमवर्गीय नावाने हजर होतं. दुसरी स्टिक घाला, मशीन सुरू करा, नाव पालटलेलं असतं. नाव बदलायला गॅझेटमध्ये जाहिरात देणाऱ्या आपल्या लोकांना ही सोय हेवा वाटण्यासारखी आहे.

यावर आक्षेप येतात, आणि सगळेच फालतू नाहीत. पहिला असा, की काही गेम सुरू होतानाच समर्पित ग्राफिक्स मेमरी किती ते विचारतात आणि कमी दिसली तर दारातूनच परत पाठवतात. मग बायोसमधला आकडा वाढवल्यानेच गेम चालतो, त्याचं काय? चालतो, कबूल. पण तो कशाने चालला ते बघावं. बायोसमध्ये ही सोय नसलेल्या इंटेलवाल्यांसाठी विंडोजच्या रजिस्ट्रीत 'डेडिकेटेड सेगमेंट साइझ' नावाची नोंद करण्याचा एक तोडगा वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्या नोंदीने मेमरी एका बाइटनेही वाढत नाही, विचारणाऱ्या प्रोग्रॅमला फक्त मोठा आकडा सांगितला जातो. आणि गेमचं तेवढ्याने समाधान होतं! त्याला मेमरी नको होती, दाखला हवा होता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग यंत्राच्या बायोसमध्ये ही राखीव मेमरी १ जीबीवरून ४ जीबीपर्यंत नेता येते आणि मोजक्या गेममध्ये त्याने अडखळणं कमी झाल्याचं वापरणारे सांगतात. ते मी नाकारत नाही. काही गेम राखीव जागा पुरत नाही असं दिसलं की घाबरून पोत सतत आत-बाहेर करत बसतात, त्यांना मोठी भिंत दाखवली की ते शांत होतात. पण त्या यंत्रात १६ जीबी रॅम आहे आणि पाइप किमान ८८ जीबीचा आहे. टाकीही पुरेशी आणि पाइपही जाड, अशा घरात भिंत कुठे बांधायची यावर चर्चा करायला हरकत नसते. आठ जीबीची एकच स्टिक घेऊन त्या चर्चेत उतरू नये.

आणखी एक वर्ग आहे, त्याला वाटून घेण्याचीच शरम वाटते. ग्राफिक्स 'शेअर्ड' आहे हे तो मुलीच्या सासरची खोट सांगावी तशा आवाजात सांगतो. या वर्गाने दोन उदाहरणं पाहावीत. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून एकच ८ जीबी मेमरी वापरत, फक्त तिचा पाइप सेकंदाला १७६ जीबीचा होता. ॲपलने २०२० पासूनच्या एम मालिकेत तर याच वाटून घेण्याला 'युनिफाइड मेमरी' म्हणून मखरात बसवलं आणि एम१ मॅक्समध्ये ४०० जीबीचा पाइप देऊन अनेक बंगलेवाल्यांना मान खाली घालायला लावली. एकत्र टाकी ही व्यवस्था वाईट नाही. तिच्याखाली अर्ध्या इंचाचा पाइप लावणं वाईट. आपल्याकडच्या स्वस्त लॅपटॉपांची अडचण नेमकी ही आहे, की एका स्टिकने आठ जीबीचा आकडा पुरा होतो, दुसरा स्लॉट रिकामा राहतो, आणि माहितीपत्रकात चॅनल किती याचा रकानाच नसतो. काहींत तर दुसरा स्लॉटही नसतो. खरेदीच्या वेळी विचारण्याजोगा प्रश्न हा होता, आणि तो बॅगेच्या प्रश्नाखाली दबून जातो.

आकड्यावर भागवण्याची ही खोड नवी नाही, तेव्हा दोष आजच्या पिढीवर टाकू नये. १९९५ साली रॅम महाग होती आणि विंडोज ९५ ला ती पुरत नव्हती, तेव्हा अमेरिकेत सॉफ्टरॅम९५ नावाचं सॉफ्टवेअर रॅम दुप्पट करतं म्हणून धडाक्याने खपलं. ते उघडून बघणाऱ्यांना आत रॅम वाढवणारं काही सापडलं नाही, आणि पुढच्या वर्षी तिथल्या व्यापार आयोगाने कंपनीला चाप लावला. आपल्या फोनांवर आज '१६ जीबी रॅम' लिहून शेजारी मुंगीएवढी चांदणी काढतात आणि तळाशी आठ अधिक आठ असा खुलासा करतात. यातले दुसरे आठ म्हणजे साठवणुकीतून उसने घेतलेले. सॉफ्टरॅमइतकी ती लबाडी नाही, उसनी जागा खरीच असते. पण साठवणुकीचा पाइप रॅमच्या पाइपाच्या कितीतरी पट बारीक, हे त्या चांदणीतही मावत नाही.

खरा बिनतोड वाटणारा आक्षेप अलीकडचा आहे. भाषेची मोठी मॉडेलं घरच्या संगणकावर चालवणारी मंडळी निघाली आहेत आणि त्यांना राखीव ग्राफिक्स मेमरी खरोखर लागते. मॉडेल आत मावलंच नाही तर चालवणार काय? एएमडीच्या २०२५ च्या रायझन एआय मॅक्स+ ३९५ या चिपबरोबर १२८ जीबी मेमरी घेता येते आणि त्यातली ९६ जीबीपर्यंत ग्राफिक्सच्या नावावर लावता येते. इथे ती बायोसची ओळ सोन्याची आहे, हे मला मान्य करावंच लागतं. पण मावल्यानंतरचा हिशेबही करावा. सत्तर अब्ज पॅरामीटरचं मॉडेल दाबून-चेपून ४० जीबीत बसवलं, तरी प्रत्येक शब्दखंड काढताना ते सगळं एकदा वाचून काढावं लागतं. त्या चिपचा पाइप सेकंदाला २५६ जीबीचा, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त सहा वाचनं, सहा शब्दखंड. तेच मॉडेल साध्या लॅपटॉपच्या एका स्टिकवर समजा कसंबसं मावलंच, तर दोन सेकंदांत जेमतेम एक शब्दखंड बाहेर पडेल आणि 'नमस्कार' म्हणून होईपर्यंत विचारणारा उठून स्वयंपाकघरात गेलेला असेल. ९६ जीबी राखीव असोत वा अमर्याद, त्या सहाचे सात होत नाहीत. ज्यांना सात हवे आहेत त्यांनी बायोसमध्ये जाऊ नये. बाकीच्यांनी गेलंच तर ग्राफिक्स मेमरी 'ऑटो'वर सोडावी, आणि एक्सएमपी किंवा एक्सपो नावाची ओळ बंद असेल तर चालू करावी. ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम ती ओळ बंद असल्यामुळे वर्षानुवर्षं २१३३ किंवा २६६६ वर चालते आहे, अशी घरं कमी नाहीत, आणि तिथल्या मंडळींनी ग्राफिक्सचे दोन जीबी मात्र पहिल्याच दिवशी करून घेतलेले असतात.